कागदावरचा 1 जून आणि दारात आलेली साठी

कोयनाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 36 वर्षे नोकरी करून 31 मे 2025 रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. त्या दिवशी आम्हा अकरा शिक्षकांचा निरोप समारंभ एकाच मांडवात झाला, कारण अकराही जणांची जन्मतारीख कागदोपत्री 1 जून होती. महाराष्ट्रात खेड्यातून शिकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मूल शाळेत आणले, पण बापाला तारीख सांगता येत नाही, अशा वेळी गुरुजी शाळा उघडण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहीत आणि वय नियमात बसेल असे वर्ष घालीत. घरी सांभाळायला कोणी नव्हते म्हणून मलाही असेच लवकर शाळेत बसवण्यात आले आणि 1 जून 1967 ही माझी जन्मतारीख झाली. पुढे मी स्वतः शिक्षक झाल्यावर जनरल रजिस्टरात किती मुलांच्या नावापुढे 1 जून लिहिला, हे आठवले की आजही थोडे ओशाळायला होते.

खरी तारीख मला ठाऊक नाही. आई सांगते, "भूकंप झाला तवा तू पाचवी पुजलेला व्हतास." भूकंप म्हणजे आमच्याकडे एकच, कोयनेचा. शिवाय त्या वर्षी चंपाषष्ठीला आमच्या घरी तळी उचलली नव्हती, कारण घरात माझी सुवेर होती, असेही ती सांगते. यावरून मी थंडीत जन्मलो एवढे निश्चित. म्हणजे गुरुजींच्या टाकाने मला जवळजवळ सहा महिन्यांनी मोठे केले आणि शेवटी तेवढेच महिने आधी घरी बसवले. आईच्या स्वतःच्या आधारकार्डावर 1 जानेवारी 1947 आहे, आणि ती तारीखही अशीच कोणीतरी घातलेली.

आता मुख्य प्रश्न. येत्या 1 जूनला मला साठावे वर्ष लागते म्हणून मुलगी आणि जावई पुण्यात कार्यक्रम ठरवत आहेत. कार्यालय, साठ दिव्यांचे औक्षण, साठीशांत, फोटोंची फीत, दीडशे पाने. मुलगा नवी मुंबईहून येणार आहे आणि त्याने केकचा आकारही ठरवला आहे. सर्वांचा उत्साह पाहून बरे वाटते. पण मनात काहीतरी अडते, आणि ते केवळ तारखेपाशी अडते असेही नाही. माझे वडील 54 व्या वर्षी गेले. त्यांच्यापेक्षा मी वयाने मोठा झालो त्या वर्षापासून वाढदिवस म्हटला की चोरी केल्यासारखे वाटते. आरशातले केस, गुडघे, चाळिशीचा वाढता नंबर यांच्याशी माझी तडजोड झाली आहे. पण दीडशे लोकांसमोर पाटावर बसून "मी साठीचा झालो" असे मिरवणे, आणि तेही जो दिवस माझा नाही त्या दिवशी, हे मनाला पटत नाही. मुलीला तसे सांगितले तर ती म्हणते, "अण्णा, तुम्हाला म्हातारे व्हायची भीती वाटते."

तिचे म्हणणे कितपत खरे आहे, हे मलाच कळत नाही. अशा तारखेने साठी साजरी करावी की नाही, आणि केलीच तर मनाचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.


जूनवाल्यांची लेक यांचे उत्तर

गुरुजी, माझ्या वडिलांची आणि दोन्ही काकांची जन्मतारीख 1 जूनच आहे. वर्षे मात्र बरोबर तीन-तीनच्या अंतराने. हे आजोबांचे नियोजन नव्हते, शाळेचे होते. त्यामुळे आमच्याकडे दर 1 जूनला तिघांना एका ओळीत पाटावर बसवून ओवाळतात आणि मोबाईलवर शुभेच्छांचा असा पाऊस पडतो की खरा पाऊस आला तरी कोणाचे लक्ष जात नाही. वडिलांनीही एकदा तुमच्यासारखीच तक्रार केली होती. तेव्हा आजी म्हणाली की, जन्माच्या दिवशी घरात पेढाही वाटला नव्हता, शाळेत नाव घातले त्या दिवशी मात्र तुझ्या बापाने गूळ वाटला, मग मोठा दिवस कोणता? मला ते पटले होते. वडिलांना पटले की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

तुमच्या मुलीच्या बाजूने दोन शब्द लिहिते, कारण गेल्या वर्षी तिच्या जागी मी होते. वडिलांच्या साठीसाठी मी तीन महिने धावपळ केली, आमंत्रितांच्या याद्या केल्या, जुने फोटो जमवले, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फोटो लावता लावता लक्षात आले की मला एवढी घाई का झाली होती. मागच्या दिवाळीत ते जिना चढताना मधल्या पायरीवर थांबले होते आणि "तू हो पुढे" म्हणाले होते. घरातल्या कोणाजवळ मी ते बोलले नव्हते, त्याऐवजी कार्यालय बुक केले होते. तुमच्या लेकीने तुमच्यावर भीतीचा आरोप केला आहे खरा. पण ती भीती कोणाची आहे, हे तिला एकदा शांतपणे विचारून पाहा. फोनवर नको, समोर बसून विचारा.

दीडशे पाने मात्र कमी करा. आमच्याकडे दोनशे जण जेवून गेले आणि वडिलांना दिवसभरात आमच्याशी दहा मिनिटे बोलता आले नाही.


पंचांगप्रेमी यांचे उत्तर

गुरुजी, आपण आयुष्यभर मुलांकडून उदाहरणे सोडवून घेतलीत आणि स्वतःचे तेवढे सोडवायचे ठेवलेत. आपल्या मातोश्रींनी दिलेली माहिती जन्मदाखल्याच्या तोडीची आहे.

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी, सोमवारी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. पाचवी पुजतात ती पाचव्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री. आईचे म्हणणे शब्दशः घेतले आणि पूजा आदल्याच रात्री, म्हणजे रविवारी 10 तारखेला झाली असे धरले, तर जन्मदिवस धरून पाच दिवस मागे मोजल्यावर बुधवार, 6 डिसेंबर 1967 येतो. आता चंपाषष्ठीचा पुरावा पाहू. 19 सौर वर्षांत 235 चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, त्यामुळे दर 19 वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींना गाठतात. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, इतकेच. 2024 साली चंपाषष्ठी 7 डिसेंबरला होती. त्यातून 57 वर्षे, म्हणजे 19 वर्षांचे तीन फेरे मागे गेलो की 1967 सालची चंपाषष्ठीही 7 डिसेंबरच्या आसपास येते. आदल्या दिवशी घरात बाळंतपण झालेले, म्हणून दुसऱ्या दिवशी तळी उचलली नाही. दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात. पाचवीची पूजा एखादा दिवस आधी झाली असेल तर जन्मही तेवढाच मागे सरकेल. पण 6 डिसेंबर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, असे मी तरी निःशंकपणे लिहीन. योगायोग असा की 2024 साली, आपल्या 57 व्या वाढदिवशी, तारीख आणि तिथी बहुधा एकत्र आली होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक असून तो 17 मे ते 15 जून 2026 असा आहे. म्हणजे 1 जून धोंड्याच्या महिन्यात येतो. शांतीसारखी कर्मे अधिक महिन्यात करीत नाहीत, हे आपल्या भटजींनी सांगितले नसेल तर त्यांनी अद्याप तारीख पाहिलेली नाही. शिवाय धोंड्याच्या महिन्यात मान जावयाचा. जावईबापूंनी आपल्या साठीसाठी हाच मुहूर्त शोधून काढावा, याचे मला कौतुक वाटते. अनारशांचे ताट त्या दिवशी कोणापुढे जाणार, हे आपण आधी ठरवून घ्यावे.

साठीच्या शांतीला उग्ररथ शांती म्हणतात. पन्नाशीची वैष्णवी, सत्तरीची भीमरथी, पंचाहत्तरीची ऐन्द्री, अशी वयोमानाप्रमाणे वेगवेगळ्या शांतींची परंपरा आहे. साठीची शांत कोणी साठावे लागताना करतात, कोणी साठ पूर्ण झाल्यावर. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे आणि त्याचे कारण मला सुंदर वाटते. संवत्सरांची नावे साठ आहेत, प्रभवापासून क्षयापर्यंत, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आपला जन्म शके 1889 मधला, त्या संवत्सराचे नाव प्लवंग. पुढचा प्लवंग शके 1949 मध्ये, म्हणजे 2027 च्या पाडव्याला लागतो आणि त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात आपली साठ वर्षे पूर्ण होतात. गुरूला राशिचक्र फिरायला सुमारे 12 वर्षे लागतात आणि शनीला सुमारे 30. त्यामुळे साठाव्या वर्षी गुरूचा पाचवा आणि शनीचा दुसरा फेरा पुरा होऊन दोघेही जन्मवेळच्या जागेजवळ परततात. जन्माच्या वर्षाचे नाव माणसाला आयुष्यात सहसा एकदाच परत भेटते. प्लवंगाचा अर्थ वानर असा आहे. ते नातवंडांना सांगू नये.


रोखठोक यांचे उत्तर

शासनाने 58 व्या वर्षी काम थांबवले. आयकर खाते 60 व्या वर्षी ज्येष्ठ म्हणते आणि 80 व्या वर्षी अतिज्येष्ठ. एसटीला 65 पर्यंत आपण तरुणच वाटतो, मग अर्धे तिकीट, आणि 75 पूर्ण झाल्यावर 2022 पासून प्रवास फुकट. रेल्वेची साठीची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. म्हातारपण नेमके कधी सुरू होते यावर सरकारचेच एकमत नसताना आपण का कष्टी व्हावे? कार्यालयाचे पैसे वाचवा आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हे मी चेष्टेने लिहीत नाही. चार वर्षे टाळून मी पस्तावलो आहे.


निवृत्त अव्वल कारकून यांचे उत्तर

पंचांगप्रेमींचे गणित चोख आहे, पण कागदही शोधता येईल. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा लागू होण्यापूर्वीही गावोगावी जन्माच्या नोंदी होत असत. गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात त्या असतात. जातीच्या दाखल्यासाठी पुरावे शोधणाऱ्यांमुळे अलीकडे हे शब्द सर्वांच्या तोंडी झाले आहेत. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावाचे नाव आणि 1967 हे साल घालून नकलेसाठी अर्ज करावा. नोंदीत बाळाचे नाव बहुधा मिळणार नाही. बापाचे नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच असते, म्हणून आजोबांचे नावही अर्जात लिहावे. जुनी वही मोडीत किंवा फाटकी असू शकते आणि भूकंपाच्या धामधुमीत नोंद राहून गेली असण्याचीही शक्यता आहे.

एक सूचना. नक्कल मिळाली तरी सेवापुस्तकातील तारखेच्या वाटेला जाऊ नका. ती बदलण्यासाठी सेवेत लागल्यापासून 5 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि आपली तर सेवाच संपली. निवृत्तिवेतन, आधार, पॅन सर्व 1 जूनवर उभे आहे. तो 1 जून सरकारकडे राहू द्या.


माईआजी यांचे उत्तर

मी 78 वर्षांची आहे, नातीकडून टंकलेखन करून घेते, म्हणून चुका झाल्यास तिच्या समजाव्यात.

गुरुजी, आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे सकाळी तेल लावून न्हाऊ घालणे, तीळ आणि गूळ घातलेले ओंजळीभर दूध, आणि औक्षण. दुधाआधी चिरंजीवांची नावे आजी म्हणून घेई, त्यात मार्कंडेयाचे नाव आले की आम्ही पेल्याकडे हात नेत असू. औक्षणाच्या वेळी ती डोक्यावर कापसाचा पुंजका ठेवायची आणि म्हणायची, "कापसासारखा म्हातारा हो." पाच वर्षांच्या पोराला म्हातारा हो म्हणायचे, आणि ते सर्वांत मोठे देणे समजायचे. घरात सहा मुले जन्मली की दोन-तीनच वाढत, असा तो काळ. ज्याचे केस पांढरे झाले त्याचे घर जिंकले, असे समजत. तुमचे वडील 54 व्या वर्षी गेले, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी तो कापूस ठेवला असेल आणि तो त्यांना पुरला नाही. तुम्हाला पुरला. यात चोरी कसली? माझे यजमान 61 व्या वर्षी गेले. पुढच्या वर्षी माझा धाकटा मुलगा तेवढ्या वयाचा होईल आणि मी आतापासून त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहते, हे त्याला ठाऊक नाही. नातीला मात्र आता कळले.

पण मला तुमच्या प्रश्नात दुसरेच काही दिसले. तुम्ही कार्यालय लिहिले, पाने लिहिली, केकचा आकार लिहिला. आईचे नाव फक्त तारखेच्या पुराव्यासाठी आले. औक्षणाला ती पुण्याला येणार आहे का? साठाव्या वर्षाच्या पाटावर बसलेल्या मुलाला ओवाळायला आई असावी, असे किती जणांच्या नशिबी असते? माझ्या माहितीत तरी एकाच घरी मी ते पाहिले आहे, आणि त्या बाईंचा हात इतका थरथरत होता की सुनेने ताटाला खालून हात दिला होता.

आणखी एक. सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा. त्याला साधारण 80 वर्षे आणि 10 महिने लागतात. तुमच्या आईची आधारकार्डावरची तारीख खोटी असेल, पण तीच धरून नातीने हिशेब केला, तर तिचे हजार चंद्र नोव्हेंबर 2027 मध्ये पूर्ण होतात. पंचांगप्रेमींनी तुमची साठ वर्षे डिसेंबर 2027 मध्ये पूर्ण होतात असे सांगितले आहे. एका महिन्याच्या आत आईचे आणि लेकाचे. एवढे जुळून येत असताना तुम्ही पुण्याच्या कार्यालयात धोंड्याच्या महिन्यात काय करता?


कोयनाकाठ यांचे प्रत्युत्तर, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. माईआजींचे उत्तर वाचल्यावर दोन दिवस मला काही लिहिता आले नाही. तिसऱ्या दिवशी मी गावी गेलो. आई धाकट्या भावाकडे असते. तिच्याशी माझे बोलणे नेहमी गोळ्या संपल्या का, गाय व्याली का, इतकेच असते. या वेळी ओसरीवर बसून मी तिला त्या रात्रीविषयी विचारले आणि ती सुमारे तासभर बोलली. इतकी वर्षे मी विचारले नव्हते म्हणून तिने सांगितले नव्हते, एवढेच.

पूजा भूकंपाच्या आदल्याच रात्री झाली होती, तेव्हा पंचांगप्रेमींनी धरलेले बरोबर निघाले. पाचवीची रात्र म्हणून पाट्या-वरवंट्याची पूजा झाल्यावर सटवाईसाठी कोरा कागद आणि टाक ठेवला होता. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून आजी आणि शेजारच्या दोन बायका आळीपाळीने जाग्या होत्या. पहाटे जमिनीतून मोठा आवाज आला तेव्हा सारा गाव गाढ झोपेत होता, आमच्या घरात मात्र दिवा जळत होता आणि माणसे जागी होती. आजीने मला उचलले, दोघींनी आईला धरले आणि त्या अंगणात आल्या. मागची भिंत त्यानंतर पडली. शेजारच्या घरातील दोन माणसे त्या पहाटे गेली. पुढे कितीतरी दिवस धक्के बसत राहिले, घरात जायची कोणाची छाती होईना, म्हणून माझे बारसे शेतातल्या खोपटात झाले आणि पाळण्याऐवजी झाडाला बांधलेली झोळी होती. मी हे सर्व 59 व्या वर्षी प्रथमच ऐकत होतो. शेवटी तारखेचा घोळ सांगितला तेव्हा आई हसून म्हणाली, "आरं, सटवाई लिवत व्हती आन् जमीन हाल्ली. तिचाबी हात हालला आसंल."

वडिलांविषयीही ती बोलली. त्या पहाटे ते मुंबईला गिरणीत होते आणि बातमी कळल्यावर मिळेल त्या गाडीने, शेवटी पायी, गावी पोहोचले. खोपटात आल्यावर त्यांनी आधी मला पाहिले की आईला, यावर ती आणि भाऊ यांच्यात ओसरीवरच वाद झाला. भाऊ तर तेव्हा जन्मलाही नव्हता. चोरी केल्यासारखे वाटते, ते आईला सांगायचे मी ठरवले होते. पण ती वेळ आली नाही आणि मग गरजही वाटली नाही.

जूनवाल्यांच्या लेकीचा सल्ला मानून मुलीला समोर बसवून विचारले. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की सेवानिवृत्तीनंतर मी दिवसभर खिडकीशी बसतो हे तिला बघवत नव्हते. मी खिडकीशी बसतो हे मला माहीत नव्हते. कार्यालयाची आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळाली नाही; जावयाने ते मनावर घेतले नाही, कारण धोंड्याच्या महिन्यात अनारशांचे ताट आणि चांदीचे निरांजन त्याला मिळणारच आहे. 1 जूनला घरच्या घरी पुरणपोळी होईल. केकचा हट्ट मुलाने सोडलेला नाही आणि मीही आता आडवा येत नाही.

यंदा मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला आम्ही सर्व गावी जमणार आहोत. अधिक महिन्यामुळे ती डिसेंबरच्या मध्याला येते. आईला सहस्रचंद्राचे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले की, त्याला पुण्याला जावे लागते का. नाही म्हटल्यावर ती तयार झाली. 2027 चे 2027 ला पाहू. गुडघ्यांसाठी मात्र पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे.

तहसील कचेरीत नकलेचा अर्ज दिला आहे. संबंधित वही शोधावी लागेल, दोन महिन्यांनी या, असे सांगण्यात आले. नोंद सापडली तर येथे कळवीन. तीत 6 ऐवजी दुसरीच तारीख निघाली, तर ती तुम्हा सर्वांना सांगेन, पण आईला सांगणार नाही.